मिठाची बरणी आणि बीपीची वही: गोळीआधीचे तीन महिने

आमच्या घरी पान वाढायला घेतलं की पहिलं मीठ पडतं. मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर अशी डावी बाजू भरते आणि त्यानंतर उजवीकडे भाजी, आमटी. सासूबाई आजही याच क्रमाने वाढतात. दोन वर्षांपूर्वी सोसायटीतल्या तपासणी शिबिरात माझं बीपी १५२/९६ निघालं, तेव्हा वय होतं सत्तेचाळीस. मला काहीच होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. वाढलेल्या बीपीचं हेच वाईट आहे, बहुतेकांना त्याचा पत्ता लागत नाही.

मी घाबरले ते बाबांमुळे. त्यांना गोळी चालू होती. एकदा बीपी १२८ आलं म्हणून त्यांनी ती मनानेच बंद केली, "आता नॉर्मल आहे, कशाला उगाच." चार महिन्यांनी सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. अर्धांगवायू. आजही शर्टाची गुंडी आई लावून देते. म्हणून हा लेख गोळीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. गोळी चालू असेल तर ती बंद करू नका. खाली लिहिलेलं सगळं गोळीसोबतही करता येतं आणि करावं. आकडे सलग कमी येऊ लागले तर डॉक्टरच डोस कमी करतात. बीपी नुकतंच वाढलेलं आढळलं असेल, फार वाढलेलं नसेल आणि डॉक्टरांनी "तीन महिने बघू" म्हटलं असेल, तर ते तीन महिने कसे वापरायचे, ते इथे लिहिते आहे.

पहिलं काम: खरा आकडा मिळवा

शिबिरात माझं बीपी घेतलं तेव्हा मी दोन जिने चढून आले होते, सकाळचा चहा झाला होता आणि बीपी घेणाऱ्या ताईंशी बोलत होते. पट्टा पंजाबी ड्रेसच्या बाहीवरून बांधला होता आणि हात मांडीवर लोंबत होता. यातली एकेक गोष्ट आकडा वर नेते. हात हृदयाच्या पातळीखाली असेल, लघवी तुंबलेली असेल, पट्टा फुगत असताना बोललं तर पाच-दहा अंकांचा फरक सहज पडतो. पाच-दहा अंक म्हणजे गोळी लागणार की नाही, एवढा फरक.

घरी दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन तेवढी भरवशाची नसतात. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणून टेपने दंडाचा घेर मोजूनच दुकानात जा. घरी आणलं की एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा.

मोजायची पद्धत अशी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक टाकायचे नाहीत. पाच मिनिटं गप्प बसा. फोन हातात नको, बातम्याही नकोत. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मधोमध उंचीवर येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. एकदा मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिला आवडला नाही म्हणून खोडू नका. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बीपी घ्या आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे कायम धरा.

सात दिवस, सकाळी उठल्यावर नाश्त्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, दर वेळी दोनदा. एकूण अठ्ठावीस नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्या, कारण त्या दिवशी माणूस मशीनला बिचकलेला असतो. उरलेल्या चोवीसची सरासरी काढा, वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. हा तुमचा खरा आकडा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी मोजलेल्यासाठी ती १३५/८५ आहे. माझी सरासरी १४४/९१ आली. शिबिरापेक्षा कमी, पण रेघेच्या वरच. काहींचं दवाखान्यात जास्त आणि घरी ठीक येतं, काहींचं उलट. वहीशिवाय ते कळायला मार्ग नाही.

मशीन घेणं शक्य नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिशीच्या वरच्या माणसांचं बीपी आणि साखर तिथे मोफत तपासतात.

एक गोष्ट लगेच लक्षात ठेवा. वरचं १८० किंवा खालचं १२० च्या पुढे दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढंच असेल आणि त्याच्या जोडीला छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात-पाय गळणं किंवा अचानक अंधुक दिसणं यातलं काही असेल, तर १०८ ला फोन करा. बाबांच्या वेळी आम्ही आधी तळपायाला तेल चोळत बसलो, त्यात पाऊण तास गेला. हातपाय गळले किंवा जीभ अडखळली तर मशीन काहीही दाखवो, थांबू नका. आकडा तेवढा आहे पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गोळीशिवाय थांबायचं की नाही

हे ठरवायचं डॉक्टरांनी, पण त्यांना काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं. साधारणपणे वरचं १४० ते १५९, खालचं ९० ते ९९ आणि बाकी सगळं ठीक असेल तर तीन ते सहा महिने खाण्या-चालण्यावर भर देऊन बघायला वाव असतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधी येऊन गेलेला हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू यांपैकी काही असेल तर तो वाव बहुतेक वेळा नसतो. १६० च्या वर असेल तरीही नाही. गरोदर बाईचं बीपी वाढलं तर घरचा कोणताच प्रयोग नको, त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. आणि चाळिशीच्या आत फार वाढलं असेल तर त्यामागे मूत्रपिंड किंवा एखादी ग्रंथी आहे का, ते शोधावं लागतं.

सुरुवातीलाच लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या. या तपासण्या ठीक आल्या की पुढचे तीन महिने निर्धास्तपणे प्रयत्न करता येतात.

आणखी एक काम घरी गेल्यावर करा. औषधांचा डबा उघडा. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्याही वाढवू शकतात. खोकल्यासाठी रोज चघळलेला ज्येष्ठमधही वाढवतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. पोट फुगलं की पाण्यात टाकून पितात ती फसफसणारी पावडर म्हणजे मुख्यतः खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियमच, मिठातला बीपी वाढवणारा घटक. डॉक्टरांनी दिलेलं यातलं काही मनाने बंद करू नका, पण यादी लिहून त्यांना दाखवा. माझ्या मैत्रिणीच्या आईची वेदनाशामक गोळी बदलली आणि महिन्याभरात आकडा उतरला.

दुसरं काम: मिठाची बरणी

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या घरांत सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, असं माझं ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, सगळं मिळून. "आम्ही तसं कमीच खातो" असं प्रत्येक घर म्हणतं. आम्हीही म्हणत होतो. मग मी एक केलं. मिठाचं एक किलोचं नवं पाकीट बरणीत ओतलं आणि बरणीच्या झाकणावर पेनने तारीख लिहिली. घरात चार माणसं. बरणी रिकामी झाली सव्विसाव्या दिवशी. हजार ग्रॅम भागिले सव्वीस, भागिले चार. माणशी साडेनऊ ग्रॅमच्या वर. त्यात पापड, लोणचं, पाव, फरसाण धरलेलंच नव्हतं.

तुम्हीही हेच करा. हिशोब सोपा आहे. चार माणसांच्या घरात एक किलो मीठ कमीत कमी पन्नास दिवस पुरायला हवं, आणि बाहेरचं येतं ते लक्षात घेता त्याहूनही जास्त. लोणचं घातलं किंवा मासे मीठ लावून धुतले तर तेवढं वजा करा. ही बरणी खोटं बोलत नाही.

आता ते कमी कसं करायचं? एकदम निम्मं केलंत तर चार दिवसांत घर बंड करेल. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून आम्हीही चार आठवड्यांत उतरवलं.

पहिला आठवडा डाव्या बाजूचा. ताटात वेगळं मीठ वाढायचं नाही. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पान अळणी दिसतं म्हणाल्या. शेवटी त्यांनीच तोड काढली: त्या जागी लिंबाची मोठी फोड आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. लोणचं रोज नाही, आठवड्यातून दोनदा, एक फोड. पापड सणाला. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार असतो आणि तोही सोडियमच. कुरडया, सांडगे, मिरगुंडं, ताकातल्या खारवलेल्या मिरच्या, सगळी वाळवणं या यादीत येतात. उन्हाळ्यात घरी करत असाल तर यंदा मीठ मोजून घाला.

दुसरा आठवडा कणकेचा आणि भाताचा. पोळीच्या कणकेत, भाताच्या पाण्यात मीठ घालायचं थांबवा. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत तसंही बऱ्याच घरी मीठ घालत नाहीत. भाजीबरोबर खाताना याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाजी-आमटी. मीठ हाताने घालायचं बंद, मोजायच्या छोट्या चमच्याने घालायचं. हाताचा अंदाज वर्षानुवर्षं वाढत जातो, चमचा वाढत नाही. पहिले दोन दिवस नेहमीसारखंच हाताने घ्या, पण चमच्यात ओतून किती होतं ते बघा. मग त्यातलं पाव भाग कमी करा. कमी पडलेली चव भरून काढायला आमसूल, चिंच, लिंबू, लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरपूड आणि गोडा मसाला आहेत. आंबटाचा हात थोडा वाढवला की मिठाची उणीव जाणवत नाही. कोकम घातलेल्या आमटीत तर मला आता पूर्वीचं मीठ खारट लागतं.

चौथा आठवडा ताक, कोशिंबीर आणि कोरड्या चटण्यांचा. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला, पाणी सुटत नाही आणि थोडंसंही जिभेला लागतं. ताकात आलं, हिंग, जिरं पुरे. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची चटणी घरीच निम्म्या मिठात कुटा. जवस चांगला आहे म्हणून खारट चटणी चार चमचे खाल्ली तर मीठही तेवढंच पोटात जातं.

कोकणातल्या घरांत सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा असतोच. पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. भरपूर पाण्यात तास-दीड तास भिजवा, पाणी दोनदा बदला, आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका.

सैंधवाबद्दल विचारतात. उपवासाचं सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, या सगळ्यांत मुख्य घटक तोच, सोडियम क्लोराइड. बीपीसाठी त्यात सवलत नाही, आणि सैंधवात बहुतेक वेळा आयोडीन मिसळलेलं नसतं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, खारे दाणे आणि चार कप चहा असा दिवस गेला तर तो बीपीच्या दृष्टीने उपवास नव्हे. दाण्याच्या आमटीबरोबर वरी, रताळं, केळं, दही, शहाळं असा उपवास करून बघा.

बाहेरच्या पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. १०० ग्रॅममागे १६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ४ ग्रॅम मीठ, जवळपास दिवसभराचा कोटा. फरसाण, शेव, झटपट शेवया, सॉस, सूपची पाकिटं एकदा हातात घेऊन वाचा. पाव आणि खारी बिस्किटं तर रोज चहाबरोबर खाल्ली जातात, म्हणून त्यांची बेरीज जास्त.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर पाच वर्षं याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत अर्धांगवायूचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. पण हे मीठ आणण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा विचार करा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी बीपीची गोळी चालू असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. आमच्या घरी सासूबाईंना टेल्मिसार्टन आहे, म्हणून आम्ही ते आणलं नाही. साधं आयोडीनयुक्त मीठच, पण कमी.

ताटाची उजवी बाजू

मीठ कमी करणं हे अर्धं काम. पोटॅशियम वाढवणं हे दुसरं अर्धं. ते वाढलं की मूत्रपिंडं जादा सोडियम लघवीतून बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. १९९७ मध्ये अमेरिकेत 'डॅश' नावाच्या आहाराची चाचणी झाली. भाज्या, फळं, डाळी, कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर, तूप-तेल आणि गोड कमी. मीठ आणि वजन मुद्दाम तेवढंच ठेवलं होतं. तरीही ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांचं वरचं सरासरी ११ अंकांनी उतरलं. काही गोळ्यांनीही साधारण एवढंच उतरतं.

त्यासाठी ब्रोकोली आणि ॲव्होकाडो आणायची गरज नाही. मटकी-मुगाची उसळ, चवळी, पालक, लाल माठ, शेवग्याचा पाला, दुधी, रताळं, केळं, पेरू, संत्रं, घरचं साय काढलेल्या दुधाचं दही. मी एकच नियम केला: दोन्ही जेवणांत भाजी आणि कोशिंबीर मिळून ताटाचा अर्धा भाग. पोळ्या चारवरून दोनवर आल्या, एक भाकरी आली. दुपारी चारला फरसाणाऐवजी फळ आणि मूठभर बिनमिठाचे भाजलेले दाणे. पालेभाजी उकडून पाणी फेकू नका, पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं, तेच आमटीत घाला. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, तुमचा आहार डॉक्टरांना विचारूनच.

चालणं, आणि भिंतीला टेकून बसणं

आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, भरभर. भरभर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. भाजी आणायला रमतगमत जाणं यात धरायचं नाही. नियमित केलं तर वाढलेलं वरचं बीपी पाच ते आठ अंकांनी उतरू शकतं. सुरुवात दहा मिनिटांनी करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

दुसरा व्यायाम पावसाळ्यात माझ्या फार कामी आला. भिंतीला पाठ टेकवा, पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि खुर्चीवर बसल्यासारखं खाली सरका. मांड्या अगदी आडव्या व्हायला नकोत, जेवढं जमेल तेवढं. दोन मिनिटं तसंच राहा, दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या दिवशी माझ्याने तीस सेकंद झाले आणि पाय थरथरले. दीड महिन्यात दोन मिनिटं जमली. अशा न हलता जोर लावायच्या व्यायामांनी बीपी उतरतं, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात ठळक दिसलं. श्वास मात्र कोंडायचा नाही, तोंडाने मोठ्याने आकडे मोजत राहिलं की तो आपोआप चालू राहतो. गुडघे दुखत असतील तर मऊ चेंडू मुठीत धरा, पूर्ण ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याने दाबा आणि तसंच दोन-दोन मिनिटं. बीपी १६० च्या वर असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या.

प्राणायाम करत असाल तर संथ श्वास: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, दहा मिनिटं. यानेही थोडंफार उतरतं आणि झोप बरी लागते. बीपी ताब्यात येईपर्यंत कुंभक (श्वास रोखून धरणं), भस्त्रिका, कपालभाती, शीर्षासन नको. चांगले योगशिक्षक स्वतःच हे सांगतात.

वजन, झोप, दारू, तंबाखू

एक किलो वजन उतरलं की साधारण एक अंक बीपी उतरतं. पाच किलो म्हणजे पाच अंक. काट्यापेक्षा कंबरेच्या टेपकडे लक्ष द्या: आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. माझं तीन महिन्यांत साडेतीन किलो उतरलं, वेगळं डाएट न करता. फरसाण आणि दोन पोळ्या गेल्या त्याचाच तो परिणाम.

जोरात घोरता, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगतात, सकाळी डोकं जड असतं आणि दुपारी बसल्या जागी डुलकी लागते, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा. तो असताना बीपी बाकी कशाने नीट उतरत नाही. नवरा घोरतो म्हणून आपण खोली बदलतो, दवाखान्यात नेत नाही.

दारू बीपी वाढवते. रोज घेणाऱ्याने कमी केली तर काही आठवड्यांत आकड्यात दिसतं. फार वर्षं भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या मदतीने सोडावी. तंबाखू, मिशरी, गुटखा, विडी, सिगारेट प्रत्येक वेळी बीपी काही काळ वर नेतात आणि रक्तवाहिन्या कायमच्या खराब करतात. मिशरीबद्दल मुद्दाम लिहिते, कारण आपल्या आया-मावश्या तिला तंबाखूत मोजतच नाहीत. "दातांसाठी" म्हणतात. भाजलेला तंबाखूच आहे तो.

लसूण, आणि सर्पगंधेची गोष्ट

लसणाने थोडं बीपी उतरतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. भाजी-चटणीत जरूर खा. पण उपाशीपोटी चार पाकळ्या गिळल्या म्हणून डाव्या बाजूचं मीठ माफ होत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत.

सर्पगंधेची पूड बऱ्याच ठिकाणी "नैसर्गिक, औषध नाही" म्हणून दिली जाते. तिची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी बीपीच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष लिहिले आणि जगाचं लक्ष या झुडपाकडे वळलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार, वैद्यकशास्त्रातला मोठा अमेरिकन सन्मान, मिळाला. म्हणजे सर्पगंधा हे खरंखुरं, ताकदवान औषध आहे. जास्त झालं तर माणूस सुस्त होतो, नाक चोंदतं, मन खचतं. पुडीतून किती पोटात गेलं, ते कुणालाच कळत नाही. गोळीला घाबरून अशी पूड घेणं म्हणजे डोस न लिहिलेली गोळी घेणं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

बारा आठवडे कसे मोजायचे

रोज उठून बीपी मोजत बसू नका, त्याचीच धास्ती बसते. दर चौथ्या आठवड्यात सात दिवसांची वही भरा, सरासरी काढा आणि आधीच्या सरासरीशेजारी लिहा. त्याच पानावर कंबर, वजन आणि मिठाची बरणी किती दिवस पुरली ते टिपा. माझी पानं अशी: सुरुवातीला १४४/९१, बरणी २६ दिवस. चौथ्या आठवड्यात १४०/८९. आठव्यात १३५/८६. बाराव्यात १३१/८३, आणि बरणी ४७ दिवस पुरली. सगळ्यांचं इतकं उतरेलच असं नाही. मीठ, आहार, चालणं, वजन यांची वेगवेगळी घट सरळ बेरजेने मिळत नाही. तीन महिने मनापासून करूनही सरासरी रेघेच्या वरच असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळी सुरू करा. त्यात हार कसली? आई-वडिलांकडून आलेली ठेवण आणि वय यांचाही त्यात वाटा असतो. केलेलं वायाही जात नाही, कमी डोस पुरण्याची शक्यता वाढते. मध्येच कधी सरासरी १६० च्या वर गेली तर बारा आठवडे पुरे व्हायची वाट बघायची नाही.

आकडा उतरलेल्यांनी दर महिन्याला नाही, पण दोन-तीन महिन्यांतून एकदा सात दिवसांची वही भरत राहावी. थंडीत बीपी थोडं चढतं, आणि त्याच्या तोंडावर दिवाळीची चकली, शेव, चिवडा असतो. मी चिवड्यातलं मीठ निम्मं केलं, थोडी पिठीसाखर आणि आमचूर वाढवला. भाऊबीज झाली की पुढच्या सोमवारी मशीन काढते, बरणीच्या झाकणावर नवी तारीख लिहिते आणि पुन्हा सात दिवस मोजते.